जुन्या लष्करी गाड्यांनाही वारशाची मान्यता मिळावी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीची स्वतंत्र सोय केली, तेव्हा जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्या मंडळींना मोठा दिलासा मिळाला. ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा मोटार या नियमामुळे भंगारात जाण्यापासून वाचली. तिला 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळू लागला, नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क आणि १० वर्षांची मुदत ठरली, आणि रोजच्या वापरासाठी नसली तरी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर आणण्याची मुभा मिळाली. नियम चांगलाच आहे. परंतु तो तयार करताना संस्थानिकांच्या आणि जुन्या धनिक घराण्यांच्या मोटारी तेवढ्या विचारात घेतल्या गेल्या असाव्यात. ज्या गाड्यांनी सैनिक, दारूगोळा आणि तोफा वाहून नेल्या, त्या लष्करी गाड्यांना या नियमात नीट जागा मिळालेली नाही. त्या उणिवेकडे आपल्या वृत्तपत्रामार्फत केंद्र व राज्य सरकारचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीप, जोंगा (जीपसारखीच, पण मोठी लष्करी गाडी) आणि शक्तिमान ट्रक विकत घेऊन ते पुन्हा चालते करण्याचा छंद महाराष्ट्रात अनेक जण जोपासतात, आणि मीही त्यांतला एक आहे. हा पैसेवाल्यांचा शौक आहे असा सर्वसाधारण समज असला, तरी माझ्या ओळखीचे बहुतेक छंदी कारखान्यांतले फिटर-टर्नर, गॅरेजवाले, बागायतदार किंवा निवृत्त जवान आहेत, आणि गाडीवर खर्च होतो तो मुख्यतः त्यांच्या सुट्टीच्या दिवसांचा. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून अधिक जीप बनवल्या, त्यांपैकी काही युद्ध संपल्यावर भारतातच राहिल्या. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केल्यामुळे तिचे सुटे भाग आणि तिचे इंजिन तोंडपाठ असलेले मिस्त्री आपल्याकडे टिकून राहिले. महाराष्ट्रात हा छंद रुजला, त्यामागे हे कारण आहे.

या कामात काय दडलेले असते, हे गाडीजवळ बसल्याशिवाय कळत नाही. फोर्डने बनवलेल्या जीपच्या बोल्टांच्या माथ्यावर इंग्रजी 'एफ' हे अक्षर उठवलेले असते. अनेक वेळा खोलल्या-जोडल्या गेलेल्या गाडीत असा एखादा जरी बोल्ट सापडला, तरी तिचा मूळ कारखाना कोणता याचा धागा हाती लागतो. पुढचा दिवा एक चावी सैल करून आतल्या बाजूला वळवता येतो, म्हणजे रात्रीच्या अंधारात इंजिन दुरुस्त करणाऱ्या सैनिकाला दुसरा कंदील लागू नये. बॉनेटवरचा रंग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने थर थर काढत गेले, की एखाद्या थराखाली जुना लष्करी क्रमांक पुसट पांढऱ्या अक्षरांत वर येतो. हे काम घाईने करून चालत नाही. ग्राइंडर लावला की मिनिटभरात तो क्रमांक कायमचा नाहीसा होतो, आणि त्यासोबत ती गाडी कोठे होती हे शोधण्याचा एकमेव मार्गही.

आता नियमांतली अडचण सांगतो, आणि तिच्यात सर्वांत मोठी अडचण रंगाची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. दुसरीकडे, गाडी मूळ रूपात राखलेली असावी अशी व्हिंटेज नोंदणीची अट आहे. लष्करासाठीच तयार झालेल्या आणि कारखान्यातून त्याच रंगात बाहेर पडलेल्या गाडीचे मूळ रूप त्या रंगाशिवाय राखायचे कसे, याचे उत्तर या दोन नियमांत मिळून कोठेही नाही. १० सप्टेंबर १९६५ रोजी असल उत्तरच्या लढाईत कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने शत्रूचे रणगाडे उद्ध्वस्त केले आणि वीरमरण पत्करले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. त्या काळातली जीप आज एखाद्या शाळेच्या मुलांना दाखवायची, तर ती लाल किंवा पिवळ्या रंगात दाखवावी लागते. मुलांच्या मनावर त्याचा काय ठसा उमटेल?

रंगाच्या बंदीमागे सुरक्षेचे कारण आहे आणि ते मला पूर्णपणे मान्य आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे अतिरेकी लष्करी गणवेशात आले होते, हे आपण कोणीही विसरू शकत नाही. लष्करी भासणारी गाडी कोणीही रस्त्यावर आणू लागला तर पहारेकऱ्याचे काम अवघड होईल, यात शंका नाही. म्हणूनच सरसकट सूट मिळावी अशी माझी मागणी नाही. ज्या गाडीला 'व्हीए' क्रमांक मिळालेला आहे, जिचा मालक, पत्ता आणि छायाचित्र परिवहन कार्यालयाच्या नोंदीत आहे, आणि जी नियमानुसार प्रदर्शनापुरतीच रस्त्यावर येऊ शकते, तेवढ्याच गाडीला मूळ रंगाची परवानगी द्यावी. बाण असलेला लष्करी क्रमांक, डिव्हिजनची चिन्हे किंवा आजच्या सैन्याची कोणतीही ओळख तिच्यावर असू नये. रॅलीच्या आधी स्थानिक पोलिस ठाण्याला मार्ग कळवणे सक्तीचे करावे. या अटी आम्ही आनंदाने पाळू.

वयाचा प्रश्न थोडा कागदोपत्री वाटेल, पण त्याच्यामुळे कितीतरी गाड्या अडकून पडल्या आहेत. व्हिंटेज ठरण्यासाठी ५० वर्षे मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. लष्कराच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली वेगळी होते, आणि लष्करी वापर संपल्यावर त्या गाडीला इतर गाड्यांप्रमाणे नव्याने नोंदणी करून घ्यावी लागते. साहजिकच १९६० च्या दशकात सैन्यात दाखल झालेली आणि वीस-पंचवीस वर्षे सेवा करून लिलावात निघालेली जीप आरसी बुकात तेवढीच तरुण दिसते. लष्करी क्रमांकाच्या सुरुवातीचे दोन आकडे गाडीचे वर्ष सांगतात, इंजिन व चासी क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी ताडून पाहता येतात, म्हणजे पुरावा उपलब्ध आहे. सेवेतली वर्षे वयात धरली जावीत, एवढे एक वाक्य नियमात आले तरी हा प्रश्न मिटेल. त्याचबरोबर लिलावाच्या वेळी गाडीच्या सेवेचा साधा दाखला खरेदीदाराला देण्याची पद्धत सुरू व्हावी. आज लिलावात लोखंडाचे वजन मिळते, पण इतिहास मिळत नाही.

ट्रक आणि ट्रेलर यांची स्थिती तर याहून बिकट आहे. व्हिंटेज नियमात दुचाकी आणि प्रवासी मोटार एवढ्याच वर्गांचा समावेश असल्यामुळे मालवाहू वर्गातल्या गाड्या मुळातच बाहेर राहिल्या. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्याखाली १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९६ पर्यंत जबलपूरला बनलेल्या शक्तिमान ट्रकने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत सैन्याची रसद ओढली, पण त्याला वारसा म्हणून नोंदवण्याची कोणतीही तरतूद नाही. ट्रेलरलाही नाही. महायुद्धातली जीप आणि तिच्यामागे जोडलेला पाव टनी ट्रेलर ही खरे तर एकच जोडी, परंतु जीपला वारशाचा दर्जा मिळू शकतो आणि ट्रेलरला मिळत नाही.

या निमित्ताने टोचनाविषयी चार शब्द लिहितो, कारण आमच्या छंदावर जबाबदारीचा आक्षेप घेतला जातो तो मुख्यतः यावरून, आणि तो अगदीच निराधार नाही. त्या पाव टनी ट्रेलरला स्वतःचे चालते ब्रेक नसतात. उभा केल्यावर ओढायचा हातब्रेक तेवढा असतो. जीपचे ब्रेकही एकाच मास्टर सिलिंडरवर आणि एकाच नळीच्या जाळ्यावर चालतात, म्हणजे एका चाकाकडचे ब्रेक ऑइल गळले की चारही चाकांचे ब्रेक जातात. अशी जोडी घेऊन खंबाटकीसारखा घाट उतरायचा, तर वर थांबून पेडल तपासले पाहिजे, हूकची खीळ आणि सुरक्षा साखळी दोन्ही बाजूंनी पाहिली पाहिजेत, आणि पहिल्या वळणाआधीच दुसरा गिअर टाकून इंजिनच्या ओढीवर उतरले पाहिजे. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे लायनर निम्म्या घाटात तापून सुटतात. जुनी टायरे वरून चांगली दिसली तरी कडेला तडकलेली असतात, आणि वर्षानुवर्षे एका जागी उभ्या असलेल्या गाडीच्या बेअरिंगमधले ग्रीस वाळून दगड झालेले असते. त्यामुळे लिलावातून घेतलेली गाडी दोरीने ओढत घरी आणू नये, ती लो-बेड ट्रेलरवर चढवूनच आणावी, असा आग्रह आम्ही नव्या मंडळींकडे धरतो. ट्रेलर आणि टोचन यांची तपासणी व्हिंटेज नोंदणीचा भाग झाली, तर ही शिस्त ज्याच्या-त्याच्या इच्छेवर राहणार नाही.

तोफांचा विषय वेगळा आहे. शस्त्र कायद्यानुसार तोफ हे निषिद्ध शस्त्र असल्यामुळे ती खासगी व्यक्तीला बाळगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ब्रिटनमध्ये कायमच्या निकामी करून प्रमाणित केलेल्या २५ पौंडी (म्हणजे २५ पौंडांचा गोळा डागणाऱ्या) तोफा छंदी लोक त्या काळच्या मॉरिस क्वाड गाडीमागे जोडून प्रदर्शनांत आणतात, ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना तेथे वाहनकरातून सूटही मिळते. तशी मोकळीक येथे मागण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र आपल्याकडे अनेक चौकांत, शाळांच्या आवारात आणि उद्यानांत चौथऱ्यावर बसवलेल्या ज्या तोफा सरकारी मालकीच्याच आहेत, त्यांची अवस्था पाहवत नाही.

२५ पौंडी तोफेचेच उदाहरण घ्या. सुमारे पावणेदोन टन वजनाची आणि १२ किलोमीटरपर्यंत मारा करणारी ही तोफ महायुद्धात आपल्या पलटणींच्या पाठीशी होती, आणि स्वातंत्र्यानंतर पुढची काही दशके, देशी १०५ मिलिमीटर तोफ येईपर्यंत, आपल्या तोफखान्याचा ती कणा होती. जुलै १९४४ मध्ये इटलीत टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फंट्रीच्या वीरांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो याच तोफांच्या काळात. तिच्या खाली एक गोल लोखंडी चक्र असते. ते जमिनीवर ठेवून त्यावर चाके चढवली, की एकटा गोलंदाज संपूर्ण तोफ हव्या त्या दिशेला फिरवू शकतो. चौथऱ्यावरच्या तोफेत हे चक्र, नळी वर-खाली करणारे दाते आणि पितळी पाट्या दर वर्षीच्या ऑइलपेंटखाली सरसकट बुजवल्या जातात. नळीच्या तोंडाला बूच नसल्याने पावसाचे पाणी आत साचते आणि गंज आतून खात जातो. सगळा भार फुटक्या टायरांवर असल्याने आस एका बाजूला कलतो. रंग खरवडून काढणे, नळीला बूच बसवणे, आसाखाली लोखंडी घोडे लावून चाकांवरचा भार उतरवणे आणि फिरत्या भागांत वंगण भरणे ही कामे दोन-तीन जाणकार माणसे आठवडाभरात करू शकतात. लष्कराच्या गाड्या-शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलातले निवृत्त कारागीर आणि आमच्यासारखे छंदी हे काम विनामूल्य करायला तयार आहेत. परंतु कोणाकडे अर्ज करायचा आणि परवानगी कोण देणार, हेच आज ठरलेले नाही.

महाराष्ट्राइतके या कामाला अनुकूल दुसरे राज्य क्वचितच असेल. देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे आणि वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण संस्थाही तेथेच आहे. खडकीत रणगाडे आणि तोफा यांची दुरुस्ती करणारी लष्करी कार्यशाळा आहे. या संस्थांतून निवृत्त झालेले हात अजून आपल्यात आहेत. शक्तिमानचा गिअरबॉक्स डोळे मिटून जोडणारे हवालदार आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यातच १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत होत नाही. प्रत्यक्ष मोहिमांसाठी लागणाऱ्या चिलखती आणि विशेष गाड्यांना त्यातून सूट आहे, पण इतर गाड्यांचा पुढचा मुक्काम गॅस कटरखालीच असतो. प्रत्येक प्रकारच्या काही गाड्या तरी लिलावातून संग्रहालयांसाठी आणि नोंदणीकृत छंदी संस्थांसाठी राखून ठेवाव्यात, नियम १२१ आणि व्हिंटेज नियम यांचा मेळ घालणारी दुरुस्ती केंद्राने करावी, आणि चौथऱ्यांवरील तोफांच्या देखभालीसाठी प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालयाला परवानगीचे अधिकार द्यावेत, अशी माझी आपल्यामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे