आयरिश सैनिकाच्या जन्मनोंदीचा शोध

मा. संपादक, स.न.

पुण्याच्या लष्कर भागातील माझ्या एका स्नेह्यांचे खापरपणजोबा जेम्स आयर्लंडमधून ब्रिटिश फौजेत भरती होऊन इकडे आले. त्यांची जन्मनोंद शोधताना आलेला अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा, म्हणून हे पत्र.

आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्मांची सरकारी नोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या जन्मासाठी चर्चची बाप्तिस्म्याची वहीच पाहावी लागते. त्यातही १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील दप्तरखाना जळाला, तेव्हा चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाच्या शेकडो वह्यांची राख झाली. कॅथलिक वह्या मात्र गावोगावच्या पाद्र्यांकडेच राहिल्याने वाचल्या आणि २०१५ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या प्रतिमा इंटरनेटवर विनामूल्य खुल्या केल्या आहेत.

तरीही शोधाची सुरुवात वहीपासून करू नये. निवृत्तिवेतन मिळालेल्या सैनिकांची सेवामुक्तीची कागदपत्रे लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांवर बहुधा जन्माचा पॅरिश (म्हणजे गावांचा छोटा विभाग) व परगणा लिहिलेला असतो. हा पॅरिश सहसा मुलकी, म्हणजे सरकारी कारभारासाठी आखलेला असतो. कॅथलिक चर्चच्या पॅरिशशी त्याची हद्द जुळेलच असे नाही. हे ठाऊक नसल्याने आम्ही दोन महिने भलतीच वही चाळत बसलो! नोंद सापडली ती जेमतेम एका ओळीची, लॅटिनमधली: जेम्सचा ‘जाकोबुस’ झालेला, पुढे आईबाप आणि दोन धर्मपालक, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचे मानलेले पालक, यांची नावे. भरतीच्या वेळी सांगितलेल्या वयावर तर मुळीच विसंबू नये. चार-पाच वर्षे मागेपुढे पाहावे. धर्मपालकांची आडनावेही उतरवून घ्यावीत, कारण ते पुष्कळदा नात्यातलेच असतात.

– एक वाचक, पुणे