कॅनीतून जे वाचले

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून इटलीतल्या कॅनीच्या लढाईचा नकाशा पुन्हा काढून बसलो. रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याच्या व्यूहाबद्दल तू लिहिलंस ते सगळं मान्य. मधली फळी मुद्दाम पुढे फुगवलेली. ती रेटा सोसत मागे सरकते, रोमन आत घुसत जातात, दोन्ही बाजूंनी आफ्रिकी पायदळ वळतं आणि पाठीवर घोडदळ येऊन आदळतं. आतल्यांना हत्यार चालवायलाही जागा उरली नाही. इ.स.पू. 216 मधल्या त्या एका दिवसात, रोमन इतिहासकार लिव्हीच्या आकड्यानुसार, 48 हजारांच्या आसपास रोमन कापले गेले.

मला मात्र राहून राहून वाचलेल्यांची आठवण येते रे. त्या दिवशी हुकूम रोमन सेनापती वारोचा होता. तो जीव वाचवून रोमला परतला, तर लोक वेशीपर्यंत सामोरे गेले; प्रजासत्ताकाबद्दल त्याने आशा सोडली नाही म्हणून त्याचे आभार मानले. आणि शिपाई? कैद झालेल्यांची खंडणी भरायला सिनेटने, म्हणजे रोमच्या कारभारी सभेने, साफ नकार दिला. त्याच वेळी सरकारी पैशाने 8 हजार गुलाम विकत घेऊन फौजेत भरले, आणि लिव्ही सांगतो की त्यापेक्षा खंडणी स्वस्त पडली असती! जे निसटून आले त्यांना सिसिलीत धाडलं. युद्ध संपेपर्यंत इटलीत पाय ठेवायचा नाही. आम्हाला निदान लढू तरी द्या, असं गाऱ्हाणं त्यांनी रोमन सेनापती मार्सेलसपुढे मांडलं. सिनेट बधली नाही. रोमच्या ज्या चिवटपणाचं तू कौतुक करतोस तो मलाही दिसतो, पण त्याची किंमत कोणाकडून वसूल झाली ते बघ.

त्यांना जवळ केलं रोमन सेनापती स्किपिओने. तो स्वतः कॅनीतून वाचलेला; पराभव यांच्या भित्रेपणामुळे झाला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इ.स.पू. 204 मध्ये आफ्रिकेला निघताना त्याने हीच माणसं सोबत घेतली. दोन वर्षांनी तिथल्याच झामाच्या लढाईत समोर साक्षात हॅनिबल! स्किपिओने तुकड्यांमध्ये सरळ वाटा मोकळ्या ठेवल्या, हॅनिबलचे बरेचसे हत्ती त्यातून निघून गेले. मग पायदळाची झुंज, कोणी हटेना. शेवटी हॅनिबलच्या पळणाऱ्या घोडदळाचा पाठलाग सोडून रोमचा मित्र मॅसिनिसा याचे नुमिडियन (उत्तर आफ्रिकेतले) स्वार परत फिरले आणि हॅनिबलच्या फौजेवर मागून तुटून पडले. कॅनीला नुमिडियन स्वार हॅनिबलकडून लढले होते!

लिव्हीने दिलेलं ते मार्सेलसपुढचं गाऱ्हाणं तू एकदा वाचच, आणि मग सिनेटबद्दल तुझं मत काय बनतं ते सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय