जेसन डोमिंगेझला रोजची जागा मिळेल का?

ब्रिजवॉटर, न्यू जर्सी
७ डिसेंबर २०२५

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. आईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली आणि त्या आता काठीशिवाय अंगणात फिरू लागल्या आहेत, हे वाचून फार बरे वाटले. घरचा बाकीचा मजकूर सुनंदा वहिनींना स्वतंत्रपणे लिहिणार आहे, म्हणून मी थेट तुझ्या प्रश्नाकडे वळतो. न्यूयॉर्कच्या यांकीज या बेसबॉल संघातल्या जेसन डोमिंगेझचे आता काय होणार, आणि यांकीजने त्याला दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात एखादा भरवशाचा पिचर (चेंडू फेकणारा) घ्यावा हे शहाणपणाचे नाही का, असे तू विचारले आहेस. नाशिकला बसून उन्हाळाभर पहाटे साडेचारला उठून न्यूयॉर्कचे सामने पाहणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारला आहे, तेव्हा त्याचे उत्तरही तसेच सविस्तर द्यायला हवे.

माझे मत असे आहे की त्याला देऊ नये. पण ठेवून घेऊन बाकावर बसवणे हे देऊन टाकण्यापेक्षाही वाईट ठरेल. हा मुलगा रोज खेळूनच रोजचा खेळाडू होईल. मग ते मैदान यांकीजचे ब्रॉन्क्सचे असो की त्यांच्या कनिष्ठ संघाचे स्क्रँटनचे, याला मी दुय्यम मानतो.

त्याचे वय बावीस आहे आणि येत्या फेब्रुवारीत त्याला तेवीस पूर्ण होतील. पण वयापेक्षा त्याच्या वाट्याला किती खेळ आला हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या या मुलाशी यांकीजने जुलै २०१९ मध्ये करार केला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि त्याला ५१ लाख डॉलर मिळाले. एवढ्या रकमेबरोबर नावाचा गाजावाजाही आला आणि एकही व्यावसायिक सामना खेळण्याआधी लोक त्याला 'मार्शियन' म्हणू लागले. पुढचेच वर्ष महासाथीचे निघाले, कनिष्ठ लीगचा संपूर्ण हंगाम रद्द झाला, आणि सतराव्या वर्षी जो पाया घालायचा तो घालायचा राहिला. १ सप्टेंबर २०२३ रोजी ह्यूस्टनमध्ये त्याने मोठ्या लीगमधल्या आपल्या पहिल्याच अॅट-बॅटला, म्हणजे बॅटिंगच्या पाळीला, जस्टिन व्हर्लँडरसारख्या पिचरला होम रन (चेंडू थेट कुंपणापार) मारला, आठ सामन्यांत चार होम रन झाले, आणि लगेच त्याच्या उजव्या कोपराचे बंधन (लिगामेंट) फाटून ते नव्याने बसवणारी टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली. परतल्यावर २०२४ मध्ये त्याच्या बरगडीजवळचा स्नायू दुखावला, आणि मोठ्या लीगमध्ये त्याला जेमतेम अठरा सामने मिळाले. त्या शरद ऋतूत यांकीज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, पोहोचले, पण लेफ्ट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या डावीकडच्या लांबच्या भागात, अॅलेक्स व्हर्डुगोच उभा होता. म्हणजे सहा वर्षांच्या कारकिर्दीतली निम्मी वर्षे या ना त्या कारणाने अर्धवट गेली. 'अजून तयार झाला नाही' असा ठपका ठेवणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडायला हवा.

मी त्याला अगदी जवळून पाहिले ते इथेच. तुला ठाऊक आहे, सॉमरसेट पेट्रियट्स या यांकीजच्या कनिष्ठ संघाचे मैदान आमच्या घरापासून दूर नाही; शनिवारी बालाजीच्या देवळातून निघून संध्याकाळचा सामना गाठणारी मराठी कुटुंबे तिथे नेहमी भेटतात. २०२३ च्या उन्हाळ्याचा बहुतेक काळ तो याच संघाकडून खेळला. त्याची उंची पाच फूट नऊ इंच, पण खांदे आणि मांड्या अशा की दुरून पाहणाऱ्याला तो पैलवान वाटावा. तो स्विच हिटर, म्हणजे उजव्या पिचरसमोर डावीकडून आणि डाव्या पिचरसमोर उजवीकडून बॅटिंग करणारा. डावीकडून बॅटिंगला उभा राहिला की त्याचे हात खांद्याजवळ शांत असायचे, पिचरचा हात वर जाताच पुढचा पाय किंचित उचलला जायचा, आणि बॅट चेंडूच्या रेषेत इतक्या लवकर यायची की फटका उशिरा बसला तरी चेंडू लेफ्ट-सेंटरमध्ये जोराने जायचा. तोच मुलगा उजवीकडून उभा राहिला की हातांची ती शांतता मोडायची. वजन लवकर पुढे जायचे, कोपर अंगाला चिकटायचे, आणि जो चेंडू हवेत उडायला हवा तो जवळच्या क्षेत्ररक्षकाकडे (शॉर्टस्टॉपकडे) सरपटत जायचा. मला तेव्हा वाटले होते की सराव वाढला की हे जमेल.

ते अजून जमलेले नाही, आणि सगळी अडचण इथेच आहे. २०२५ मध्ये तो १२३ सामने खेळला. फटक्यांची सरासरी .२५७, दहा होम रन आणि २३ चोरलेले (फटक्याविना धावून गाठलेले) बेस हे आकडे बावीस वर्षांच्या मुलासाठी वाईट नाहीत. त्या दहापैकी तीन होम रन तर ९ मे रोजी सॅक्रामेंटोमध्ये एकाच सामन्यात आले, त्यातला एक ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर धावपटू असताना मारलेला) होता, आणि एका सामन्यात तीन होम रन मारणारा यांकीजच्या इतिहासातला सर्वांत तरुण खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. परंतु हे आकडे फोडून पाहिले तर उजव्या हाताच्या पिचरसमोर तो चांगला नियमित खेळाडू दिसतो आणि डावखुऱ्या पिचरसमोर त्याची सरासरी .२००च्या आसपास घुटमळते. जो फक्त एका बाजूने खेळू शकतो त्याला व्यवस्थापक आरन बून डावखुरा पिचर आला की बसवणार, यात बूनचाही फारसा दोष नाही. त्याला त्या संध्याकाळचा सामना जिंकायचा असतो.

पण या व्यवस्थेत एक दुष्टचक्र आहे. मोठ्या लीगमध्ये चारांतले जवळपास तीन अॅट-बॅट उजव्या पिचरसमोर येतात, त्यामुळे कोणत्याही स्विच हिटरची उजवी बाजू मुळातच कमी वापरली जाते. त्यात डोमिंगेझला डावखुऱ्यांसमोर विश्रांती दिली की उरलेली संधीही जाते. डाव्या पिचरचा स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) उजवीकडून खेळणाऱ्याच्या मागच्या पायाकडे आत वळत येतो आणि चेंजअप (फसवा संथ चेंडू) बाहेरच्या कडेला खाली पडत जातो. त्यातला कोणता सोडायचा आणि कोणता मारायचा हे पिंजऱ्यात यंत्रासमोर कितीही चेंडू मारले तरी कळत नाही, ते शेकडो खऱ्या अॅट-बॅटमधूनच कळते. आठवड्यातून दोनदा पिंच हिटर (बदली बॅटर) म्हणून उठणाऱ्याला हे कसे यावे?

सीड्रिक मलिन्सचे उदाहरण तू विसरला नसशील. बाल्टिमोर ओरिओल्सचा हा सेंटर फील्डर स्विच हिटर होता, त्याचीही उजवी बाजू अशीच लंगडी होती, आणि २०२१ च्या हंगामाआधी त्याने ती सोडून देऊन सगळ्या पिचरांसमोर डावीकडूनच खेळायचे ठरवले. त्याच वर्षी त्याने तीस होम रन आणि तीस बेस चोरण्याचा पल्ला गाठला. ओरिओल्सच्या इतिहासात तसे आधी कोणी केले नव्हते. डोमिंगेझनेही उद्यापासून तसेच करावे असे मी म्हणणार नाही, कारण मलिन्स त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता आणि आपली उजवी बाजू सुधारणार नाही हे त्याला पुरेसे कळून चुकले होते. याला अजून तितकी संधीच मिळालेली नाही. मात्र २०२६ चा पूर्ण हंगाम दोन्ही बाजूंनी रोज खेळूनही फरक पडला नाही, तर तो निर्णय घ्यायला कचरू नये, असे मला मनापासून वाटते. डावीकडची त्याची फटकेबाजी इतकी चांगली आहे की दुसऱ्या बाजूच्या हट्टापायी ती अर्धा वेळ बाकावर ठेवणे परवडणारे नाही.

क्षेत्ररक्षणात तो लेफ्ट फील्डमध्ये कमी पडतो असे तू लिहिले आहेस, ते मला मान्य आहे. तो सेंटर फील्डमध्ये वाढला, आणि लेफ्ट फील्ड ही सोपी जागा आहे असे बाहेरून वाटले तरी यांकी स्टेडियममध्ये ती सोपी नाही. राइट फील्डची रेषा ३१४ फुटांवर संपते, पण लेफ्ट-सेंटरकडे भिंत ३९९ फुटांपर्यंत मागे जाते, आणि एवढे मैदान धावून झाकावे लागते. सेंटरमधून चेंडू बॅटवरून सरळ येताना दिसतो. लेफ्टमध्ये उजव्या बॅटरचा फटका रेषेकडे वळत जातो, आणि पहिले पाऊल चुकीच्या दिशेने पडले की पायांत कितीही वेग असला तरी चेंडू डोक्यावरून जातो. डोमिंगेझचे नेमके हेच होत होते. वेग भरपूर, पण अंदाज अर्ध्या सेकंदाने मागे. हंगामाच्या शेवटी त्याच्या हाती चेंडू सुखरूप येईल की नाही अशी धाकधूक प्रत्येक उंच फटक्याला वाटायची. हा दोष मला बॅटिंगच्या दोषापेक्षा कमी काळजीचा वाटतो, कारण तो जागेच्या सवयीचा आहे आणि सवय हंगामाभरात लागते.

खरा पेच आहे तो गर्दीचा. राइट फील्ड आरन जजचे आहे आणि तिथे बोलायला जागाच नाही. सेंटरमध्ये ट्रेंट ग्रिशमने २०२५ मध्ये ३४ होम रन मारले आणि गेल्याच महिन्यात यांकीजची एका वर्षाची २ कोटी २० लाख २५ हजार डॉलरची ऑफर स्वीकारली. डेझिग्नेटेड हिटरच्या जागी जिआनकार्लो स्टँटन आहे, म्हणजे नुसती बॅटिंग करायला मिळेल ही वाटही बंद. लेफ्टमध्ये २९ होम रन मारणारा कोडी बेलिंजर हे पत्र लिहिताना कोणत्याही संघाशी बांधलेला नाही; तो परत आला तर आउटफील्डच्या तिन्ही जागा भरल्या. त्याशिवाय स्पेन्सर जोन्सने यंदा कनिष्ठ लीगमध्ये ३५ होम रन मारून दार ठोठावले आहे. तो स्ट्राइक-आउट फार होतो, हे खरे, पण सेंटर फील्डमध्ये तो डोमिंगेझपेक्षा सरस आहे. एवढ्या सगळ्यांत डोमिंगेझला चौथा आउटफिल्डर म्हणून न्यूयॉर्कमध्ये ठेवण्याचा मोह होणार. ऑक्टोबरमध्ये टोरांटोविरुद्ध हरेपर्यंत तो याच भूमिकेत होता, आणि मला नेमकी याचीच भीती वाटते.

तू म्हणतोस की सहा वर्षे वाट पाहिली, आता पुरे. विनायक, यांकीजच्याच बर्नी विल्यम्सची आठवण कर. तोही स्विच हिटर होता. १९९१ मध्ये आला, पहिली दोन-तीन वर्षे चाचपडला, आणि १९९३ मध्ये १३९ सामन्यांत त्याचे होम रन होते अवघे बारा. त्याला विकावे असे मालकाच्या मनात होते आणि संघाची सूत्रे सांभाळणाऱ्या जीन मायकलने ते होऊ दिले नाही. मायकलने त्याला नुसते ठेवून घेतले नाही, तर सेंटर फील्डमध्ये रोज उभे केले. पुढे त्याच बर्नीने १९९८ मध्ये .३३९ सरासरीने लीगचे फलंदाजीचे विजेतेपद मिळवले आणि संघाबरोबर चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या. डोमिंगेझ बर्नी होईल असे मी म्हणत नाही. बर्नीची चेंडू सोडण्याची नजर विलक्षण होती आणि याची अजून तशी नाही. पण दोघांच्या बाविसाव्या-चोविसाव्या वर्षांत मला फार अंतर दिसत नाही, आणि बर्नीला जे मिळाले ते यालाही मिळायला हवे.

म्हणून माझ्या मते यांकीजचा सरव्यवस्थापक ब्रायन कॅशमनपुढे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. बेलिंजर आला नाही तर लेफ्ट फील्ड एप्रिलपासून डोमिंगेझला द्यावे, डावखुरा पिचर असला तरी त्याला बसवू नये, आणि मे महिन्यातल्या एखाद्या वाईट पंधरवड्याने घाबरून जाऊ नये. बेलिंजर आला तर डोमिंगेझला स्क्रँटनला पाठवावे, तिथे रोज लेफ्टमध्ये उभे करावे, दर आठवड्याला उजवीकडूनही जमतील तितके खरे अॅट-बॅट मिळतील असे पाहावे, आणि कोणाला दुखापत झाली की तयार खेळाडू म्हणून बोलवावे. तसे केले तर त्याला आणि चाहत्यांना तो अपमान वाटेल, पण त्याच्या कारकिर्दीसाठी न्यूयॉर्कच्या बाकावरच्या शंभर दिवसांपेक्षा ते कितीतरी हिताचे आहे. यांपैकी एकही करायची तयारी नसेल, तरच तुझा पिचरचा विचार मी मान्य करीन. कारण मग दुसऱ्या एखाद्या गावात तरी त्याला रोजची जागा मिळेल.

उद्या मला कोणी पैज लावायला सांगितली, तर तो पंचविसाव्या वर्षापर्यंत कुठल्यातरी संघाचा नियमित लेफ्ट फील्डर होईल, वीसेक होम रन मारील आणि तीसेक बेस चोरील, असे मी म्हणेन. जजसारखा तारा तो होणार नाही, असे मला आता वाटू लागले आहे. ५१ लाखांच्या आकड्याने जी अपेक्षा निर्माण केली ती त्या सोळा वर्षांच्या मुलाने मागितलेली नव्हती, आणि तिच्या मापाने त्याला मोजणे थांबले तर त्याचे चांगले खेळणेही लोकांना दिसू लागेल.

तू आणि वहिनी मे महिन्यात येणार असे लिहिले आहेस. तारखा पक्क्या झाल्या की लगेच कळव, कारण तो स्क्रँटनला असला तर आपण गाडीने तिथे जाऊ. रस्ता साधारण दोन तासांचा आहे. ब्रॉन्क्सला असला तर तिकिटे लवकर काढावी लागतील, आणि लेफ्ट फील्डच्या बाजूची काढावीत असे माझे म्हणणे आहे, म्हणजे त्याचे पहिले पाऊल सुधारले का हे तुला प्रत्यक्ष पाहता येईल. तोपर्यंत तुझ्या मनात कोणता पिचर आहे आणि त्याच्यासाठी डोमिंगेझबरोबर आणखी काय द्यावे लागेल असे तुला वाटते, ते पुढच्या पत्रात नावानिशी लिही.

आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर