नानाकाकांनी बॉनहॅमला मुंबईत आणलाय

प्रिय दिप्या,

व्हॉट्सॅपवर टाकलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून हा मेल. माझी शुगर आहे तिथेच आहे, आईचे गुडघेही. आता मुद्दा.

नानाकाकांनी बॉनहॅमला, लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या ड्रमरला, मुंबईत आणलाय. हसू नकोस, ऐक आधी.

एक मुलगी आली होती घरी, जुन्या मुंबईतल्या बीट ग्रुप्सवर, म्हणजे तेव्हाच्या रॉक बँड्सवर, पॉडकास्ट करते. तिला कुणीतरी सांगितलं की आमच्या काकांनी स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोत झेपलिनवाल्यांना ऐकलंय. काका खूश, दाढीबिढी केली, इस्त्रीचा शर्ट. मी आत चहा टाकत होतो. सुरुवात आपल्या पाठ असलेलीच, ऑक्टोबर १९७२, झेपलिनचा गिटारवाला पेज आणि गायक प्लांट जपानचा दौरा आटपून मुंबईत, कुलाब्याचा तो डिस्को, इथल्याच पोरांची वाद्यं घेऊन वाजवायला उभे राहिले, साउंड भिकार, अर्ध्या पब्लिकला हे कोण ते कळलंच नाही, आणि काका ऑर्केस्ट्राच्या कुणा गिटारवाल्याबरोबर मागे खांबाला टेकून. इथपर्यंत ठीक. आणि मग म्हणाले, ड्रम्सवर बॉनहॅम होता, तो दमला, खाली उतरला आणि काठ्या माझ्या हातात देऊन म्हणाला, नाऊ यू. मुलगी म्हणाली वॉव. मी चहा उतू घालवला.

अरे, बॉनहॅम आलाच नव्हता ना! बेसवाला जोन्सही नव्हता. दोघेच आले होते, पेज आणि प्लांट, आणि इथल्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन दोन गाणी केली, बासरीवाले विजय राघव राव होते बरोबर. फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स. त्यातलं फोर स्टिक्स हे नावच मुळात बॉनहॅममुळे पडलेलं, दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवलं म्हणून. तो इथे असता तर आपल्या तबल्याला कुणी विचारलं असतं का? २०१५ साली झेपलिनच्या कोडा अल्बमच्या मोठ्या एडिशनमध्ये ते अधिकृतपणे बाहेर आलं तेव्हा त्याच गाण्याला नाव दिलं फोर हॅन्ड्स. मला ते मूळ गाण्यापेक्षा आवडतं, तुला नाही आवडत, तुला पाच-सहाची लय कधी मोजताच आली नाही, ते असो. सांगायचं काय, त्या सगळ्या प्रकरणातली मजाच बॉनहॅम नसण्यात आहे, आणि काकांनी नेमका तोच आणून बसवला.

तुला वाटेल थाप आहे, सोड. तू तर गच्चीवर पहिल्यांदा ऐकलंस तेव्हाच त्यांना थापाड्या म्हणाला होतास, आणि आपण अख्खी दिवाळीची सुट्टी बोललो नव्हतो. (माझी पेज-प्लांटच्या नो क्वार्टर अल्बमची कॅसेट तेव्हापासून तुझ्याकडे आहे. १९९४ची. त्यातही ही दोन्ही गाणी आहेत, यावेळी इजिप्तचे वादक घेऊन. तू ती भंगारात घातली असशील तर सांगू नकोस.) पण दिप्या, थाप मारणारा माणूस गोष्ट दरवेळी वाढवतो, आणि काकांनी इतकी वर्षं एक अक्षर वाढवलं नव्हतं. स्वतःला कधी पुढे आणलं नाही, खांबालाच टेकलेले. म्हणून माझा विश्वास होता. आता ते मला अधूनमधून बाबांच्या नावाने हाक मारतात, परवा विचारत होते आज प्रॅक्टिस कुठे आहे. डॉक्टर वय झालंय म्हणतात, फी घेऊन. काकांनी लग्नं, गणपती, शाळांची गॅदरिंग असं सगळीकडे जन्मभर बोंगो बडवले, आणि नाव मात्र स्टेजवर नेहमी गाणाऱ्याचंच घेतलं गेलं. कुणी काठ्या हातात दिल्या असं आता वाटत असेल तर वाटू दे की, असं एकदा वाटतं.

पण एपिसोड रविवारी टाकणार आहे ती. आणि हे झेपलिनवाले लोक तुला माहितीयेत, तारखेत एक दिवस चुकला तर आईबापाचा उद्धार करतात. बॉनहॅम ऐकल्याबरोबर फाडतील, आणि मग खांबाला टेकलेला माणूसही खोटाच ठरेल. ते मला सहन होत नाहीये. मुलीला फोन करून एवढंच काप म्हणावं तर काकांना कळणार, ते एपिसोड ऐकणारच, हेडफोन मागवलेत. त्यांना समजवायला एकदा बसलो, फोनवर फोर हॅन्ड्स लावलं, म्हटलं काका, ऐका, हा तबला आहे, ड्रम्स नाहीत. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, हा पोरगा चांगला आहे, कुणाकडे शिकला? आता काय बोलणार. मीनल म्हणते तुला काय करायचंय, त्यांचं आहे ते. तिला गच्ची माहीत नाही.

तू म्हणशील मी सांगितलं होतं. म्हण एकदा आणि मोकळा हो. पण मग नीट विचार करून सांग, त्या मुलीला मी काय म्हणू.

वहिनीचं ऑपरेशन झालं का? मुलाच्या व्हिसाचं काय? नवं घर कसंय, फोटोत तर खिडकीच दिसते. डिसेंबरला येणार असलास तर तिकीट आत्ताच काढ, नंतर आग लावतात रेट.

शनिवारपर्यंत उत्तर दे. व्हॉइस नोट नको, तू फार घसा खाकरतोस.

तुझा,
पक्या