पेटीचा आवाज होतो म्हणे! ज्येष्ठांच्या बंद खोलीबद्दल मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, आमचा फुकटचा. म्हणून लगेच मुद्द्यावर येतो. ठाण्यात आमच्या वस्तीत उद्यानाला लागून ज्येष्ठ नागरिकांसाठी एक खोली आहे. गेल्या आठवड्यात तिच्या दारावर एक कागद चिकटवला गेला. ‘सदर केंद्राचा वापर केवळ वृत्तपत्रवाचन व विश्रांती यांसाठी करावा. गायन, वादन, नाट्यतालीम व तत्सम आवाज करणारे कार्यक्रम करू नयेत.’ खाली गोल शिक्का आणि वाचता न येणारी सही. दुसऱ्या दिवशी कुलूपही बदललेले. किल्ली कोणाकडे, हे माळ्याला माहीत नाही, वॉचमनला माहीत नाही, आणि ज्या कार्यालयाचा शिक्का आहे तिथल्या बाईंनाही माहीत नाही. कोणते कार्यालय ते इथे लिहीत नाही. नाव लिहिले तर तिथल्या शिपायाची बदली होईल आणि साहेब जागच्या जागी राहतील.

आता हीच खोली १ ऑक्टोबरला कशी होती ते सांगतो. ज्येष्ठ नागरिक दिन होता. दाराबाहेर मांडव, शाल, श्रीफळ, गळ्यात पडेपर्यंत सुकलेले हार. एका लोकप्रतिनिधींनी माइकवरून जाहीर केले की ही खोली कायम आमचीच, आणि पुढच्या ज्येष्ठ नागरिक दिनाच्या आत इथे छोटा रंगमंच बांधून देतो. टाळ्या आम्हीच वाजवल्या. त्या लाऊडस्पीकरचा आवाज शेजारच्या टॉवरला त्या दिवशी कसा चालला, हे मात्र कोणी विचारू नये.

आवाजाचेच निघाले आहे तर बोलतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. त्याच नियमांत राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवस रात्री बारापर्यंत लाऊडस्पीकरला सूट देता येते, आणि ती दिली जाते. आमच्या ठाण्यात दहीहंडीला लाखांची बक्षिसे लागतात, डीजेच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात. माझी बायपास झाली आहे. त्या दिवशी मी कानात कापूस घालून मागच्या खोलीत पडून असतो. तेव्हा कोणी कुठल्या दारावर कागद चिकटवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आणि दुपारी चार ते सात एक पेटी, एक तबला, सात-आठ म्हातारे यांचा मात्र त्रास होतो! आमच्यातल्या निम्म्यांचा आवाज मला शेजारच्या खुर्चीवर नीट ऐकू येत नाही. प्रॉम्प्टरला ओरडावे लागते, तेवढेच काय ते डेसिबल.

आम्ही काय करत होतो ते सांगतो, कारण तो कागद चिकटवणाऱ्याने आत डोकावूनही पाहिलेले नाही. आम्ही एकांकिका बसवत होतो. संहिता आमच्यातल्याच एका बाईंची. त्यांचे वय अडुसष्ट. आयुष्य ओट्याशी गेले, स्टेजवर पाय ठेवला तो पहिल्यांदा आमच्या खोलीत. लिहितात मात्र असे, की दोन वाक्यांत सासू, सून, दीर, जाऊ सगळे घर उभे राहते. किराणा दुकानाच्या बिलांच्या पाठीवर लिहितात. घरी मुलगा म्हणतो, आई, हे काय आता नवीन? सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देते, चांगलीच गोष्ट आहे. पण त्यासाठी आधीची अनेक वर्षे कलाक्षेत्रात काढलेली असावी लागतात, त्याचे पुरावे जोडावे लागतात. अडुसष्टाव्या वर्षी जी बाई लिहायला लागली तिने कसला पुरावा जोडायचा? भाकऱ्यांचा?

दुसरे आमचे एक गृहस्थ. पूर्वी बँकेत होते. अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. ‘हो’ आणि ‘नाही’ यांतही गोंधळ व्हायचा. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बोलणे जाते, पण गाणे पुष्कळदा शाबूत राहते. वाचा सुधारण्याचे उपचार करणारे याचाच आधार घेतात. हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. त्यांची बायको त्यांना रिक्षाने घेऊन यायची आणि कोपऱ्यात बसवायची. एकदा पेटीवर अभंग चालू असताना हे गृहस्थ शब्द न् शब्द गाऊ लागले. बाई रडायला लागल्या, तबलजीचा ठेका चुकला. त्यानंतर आम्ही त्यांना नाटकात घेतले. सुरुवातीला एकाच शब्दाचे काम, मग एका वाक्याचे. या वेळी त्यांना अख्खा प्रवेश होता. खोली बंद झाल्यापासून ते घरी बसून आहेत, आणि वहिनी फोनवर म्हणाल्या की पुन्हा खुणा करायला लागलेत. तुमच्या शिक्क्यात ही किंमत कुठे धरली आहे?

माझे थोडे सांगतो. थोडेच म्हणालो असलो तरी लांबेल, ऐकून घ्या. मी टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला उभे आयुष्य काढले. जनरल शिफ्ट सुटली की कामगार कल्याण केंद्रात तालीम. कामगार नाट्यस्पर्धेत आमचे खाते उतरायचे, तेव्हा फोरमनसुद्धा शिफ्ट बदलून द्यायचा. १९७८ साली गडकरी रंगायतन उघडले, तेव्हा शेवटच्या रांगेत बसून वाटले होते, एक दिवस इथे उभा राहीन. राहिलो नाही ते असो. कारखाना बंद पडला, हिशेबाचे पैसे तुकड्यातुकड्यांत मिळाले, मग छातीत कळ, मग बायपास, मग गुडघे, मग प्रोस्टेट, मग साखर. मुलगा बंगळूरला, रविवारी मोबाइलवर दिसतो. निवृत्तीनंतर किती तरी काळ मी नुसता खुर्चीत बसून मालिका पाहिल्या. कोण कोणाची सून हे अजून तोंडपाठ आहे. झोप येईना म्हणून गोळी, गोळीने दिवसभर गुंगी, गुंगीमुळे सौ.शी भांडण. ती शेवटी म्हणाली, तुम्ही घरातच बसणार असाल तर मीच एखाद्या केंद्रात नाव घालते. तालीम सुरू झाली आणि पाठांतरासाठी पहाटे उठायला लागलो. पुढे डॉक्टरांनी आपणहून झोपेची गोळी बंद केली. आता खोली बंद झाली आहे. गोळी पुन्हा सुरू करायची असेल तर तिचे बिल कोणत्या विभागाकडे पाठवू?

हे सगळे म्हाताऱ्यांचे चोचले वाटत असतील तर नातीने मोबाइलवर वाचून दाखवलेले सांगतो. इंग्लंडात पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांवर चौदा वर्षे नजर ठेवली. जे दर काही महिन्यांनी तरी नाटक, गाणे, संग्रहालय यांना जात होते, त्यांचा मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमी निघाला. पैसा, शिक्षण, आजारपण यांतला फरक हिशेबात धरूनसुद्धा. त्यामुळेच ते जगले असे छातीठोक सांगता येत नाही, असे ते अभ्यासकच म्हणतात. ठीक आहे. पण ३१ टक्के, साहेब! आणि हे लोक नुसते बघायला जाणारे. आम्ही तर करणारे. अमेरिकेत वॉशिंग्टनला ऐंशीच्या आसपासच्या म्हाताऱ्यांना समूहगायनात बसवून पाहिले. न गाणाऱ्यांपेक्षा त्यांच्या डॉक्टरकडे फेऱ्या कमी, गोळ्या कमी आणि पडझडही कमी. पडझड म्हणजे खुब्याचे हाड. खुब्याच्या ऑपरेशनला काय खर्च येतो ते आपल्या विभागाने एकदा आरोग्य खात्याला विचारावे, आणि मग पेटीची किंमत विचारावी.

आता धोरण. वृद्धांसाठी राष्ट्रीय धोरण १९९९ साली आले. साठ म्हणजे परावलंबनाची सुरुवात नव्हे, साठीनंतरही माणसाला सक्रिय, सर्जनशील, उत्पादक आणि समाधानाचे आयुष्य जगण्याच्या संधी हव्यात, अशा अर्थाचे त्यात स्वच्छ लिहिले आहे. राज्याचे धोरण २०१३ ला आले, पुन्हा २०१८ ला आले. कागद उत्तम. पण हातात काय पडते? एसटी पंच्याहत्तरीनंतर फुकट आहे, त्याबद्दल मनापासून आभार. ज्येष्ठांसाठीच्या वयोश्री योजनेचे एकदाच तीन हजार, त्यात काठी, चष्मा, कमरेचा पट्टा. तीर्थदर्शनासाठी माणशी तीस हजारांपर्यंत. मी नास्तिक नाही, आळंदीला जाऊन आलो आहे. पण हिशेब पाहा. एका माणसाच्या यात्रेच्या पैशात आमची पेटी, तबला आणि दोन-चार दिवे येतील, आणि वीस माणसांना वर्षानुवर्षे पुरतील. आम्ही कुठे तरी जावे किंवा कुठे तरी टेकावे, याला पैसे आहेत. आम्ही बसल्या जागी काही करावे, याला एक किल्लीसुद्धा नाही. आणि जायचेच म्हटले तर रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली: पुरुषांना चाळीस टक्के होती, बायकांना पन्नास. कोरोना गेला, सवलत परत आली नाही. रेल्वे आपल्याकडे नाही, ठाऊक आहे. पण म्हाताऱ्याला कोणते खाते कोणाकडे, हे लक्षात ठेवायची सक्ती का?

आम्ही किती आहोत हेही आपल्याला नीट माहीत नसावे. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढचे एक कोटीहून जास्त होते, शंभरात जवळजवळ दहा. आता दीड कोटीच्या वर असतील, माझा अंदाज. २०२१ ची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही, तेव्हा माझा अंदाज खोटा आहे हेही कोणाला सिद्ध करता यायचे नाही. मतदार यादीत मात्र आमची गणती चोख असते. मतदानाला खुर्ची, रॅम्प, पाणी, हसरा स्वयंसेवक, सगळे हजर.

महर्षी कर्व्यांनी सत्तरीत युरोप-अमेरिकेचा दौरा काढला आणि १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी संस्था सुरू केली. आज असते तर त्यांना शाल घालून वृत्तपत्रवाचनाला बसवले असते. लांब कशाला, आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातले जिव्या सोमा म्हसे. वारली चित्रे जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पंचाहत्तरी उलटली होती. त्यांना कोणी सांगितले नाही की आता कुंचला ठेवा, विश्रांती घ्या.

वर्तमानपत्र वाचायला आम्हांला खोली नकोच होती. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ते वाचनासाठी पुरून उरते.

खरे दुखणे या खोलीपेक्षा मोठे आहे. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथे भोंगे होते, युनियन होती, खात्याखात्यांची भजनी मंडळे आणि नाटकाचे संच होते. कारखाने गेले, टॉवर आले. टॉवरच्या माहितीपत्रकात क्लबहाऊस, ज्येष्ठांसाठी बाग, मिनी थिएटर सगळे आहे, गेटच्या आतल्यांसाठी. गेटच्या बाहेरच्या म्हाताऱ्यांसाठी उद्यानालगतची एक खोली होती, आणि तिच्याविरुद्ध तक्रार गेटच्या आतून आली. तक्रार वरच्या मजल्यावरून आली की तिची दखल दुसऱ्या दिवशी घेतली जाते. आमच्या अर्जावर आवक क्रमांक पडतो, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असे कळते, आणि ऑनलाइन तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज येतो. कशी निकाली निघाली हे विचारायला पुन्हा नवी तक्रार. शहराचा अर्थसंकल्प पाच हजार कोटींच्या पुढे गेला म्हणतात. त्यात आमची खोली किती पैशांची?

मागायचे ते थोडके आहे. दुपारी चार ते सात खोली उघडी ठेवा. किल्ली आमच्यापैकी दोघांकडे सही घेऊन द्या. दारावरचा कागद काढा, आणि राज्यात जिथे जिथे अशी केंद्रे आहेत तिथे गाणे, नाटक, चित्र, विणकाम, सुतारकाम काहीही करायला मुभा आहे, असे एक परिपत्रक आपल्या सहीने निघू द्या. रंगमंच नको. तो ज्यांनी कबूल केला त्यांच्या भाषणातच राहू दे. शंका असेल तर डेसिबल मोजायचे यंत्र घेऊन माणूस पाठवा; आम्ही त्याच्यासमोर पूर्ण प्रयोग करून दाखवू आणि चहाही पाजू.

उत्तर पाठवाल अशी आशा आहे. फक्त त्यात ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात येत आहे’ हे वाक्य नको. पाठांतर आमचे चांगले आहे, ते केव्हाच पाठ झाले.

आपला,
एक निवृत्त टर्नर
ठाणे (पश्चिम)

ता. क. आमची पेटी त्या कुलपाआड अडकली आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. दमट हवेत भाता कुजतो आणि सूर गंजतात. खोलीचा निर्णय होईल तेव्हा होवो, पेटी तेवढी या आठवड्यात बाहेर काढून द्या. पंचनामा लागत असेल तर पंचनामा करा, पंच आम्ही आणतो.