मोरीतून उलटं आलेलं पाणी

वाशी, आषाढ अमावास्या

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, जगात सगळ्यात जास्त पूर कुठे येतात गं?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

पहिलं नाव बांगलादेशचंच. गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघना तिथे एकत्र होऊन समुद्राला मिळतात, पण त्यांच्या पाणलोटाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग देशाबाहेर आहे. पाऊस पडतो आसामात, नेपाळात आणि अंगणं बुडतात यांची. १९९८ मध्ये जवळजवळ दोन तृतीयांश देश पाण्याखाली होता. चीनच्या पीत नदीचं दुखणं गाळाचं. साचून साचून तिचं पात्रच कित्येक ठिकाणी शेतांपेक्षा उंच झालंय. बांध फुटला की नदी वरून अंगावर येते. पाकिस्तानात २०२२ साली तीन कोटींहून अधिक लोकांना झळ बसली.

आणि तू राहतेस तो नेदरलँड्स! सुमारे पाव देश समुद्रसपाटीखाली. १९५३ च्या वादळात १,८३६ माणसं गेली, तेव्हापासून त्यांनी समुद्राला दारं बसवली.

आपल्या वाशीचे धारण तलाव त्याच डच पद्धतीचे. भरतीला खाडीचं पाणी झडपा बाहेरून दाबून बंद करतं, पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की तेच आतून झडप ढकलून बाहेर पडतं. आज उधाण, म्हणून सकाळी मुद्दाम बघायला गेले. एका झडपेत लाकडाचा ओंडका अडकलेला, त्या फटीतून खाडी आत येत होती. तलावात गाळ इतका, की मध्यभागी बगळे उभे होते, पाय जेमतेम बुडलेले. मला राहवेना. पाण्याने थांबायचं कुठे?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तू दोन वर्षांची होतीस. आपल्या तळमजल्यावर पाणी दारातून नाही आलं, आधी मोरीतून उलटं वर आलं, काळं, बुडबुडत. तुला ओट्यावर बसवलं आणि मी डब्याने पाणी उपसत राहिले. ठाण्याहून चालत निघालेले बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. पाऊस फार झाला, एवढंच मी तेव्हा समजले होते.

तिथे तलावांतला गाळ किती वर्षांनी काढतात, झडपा कोण तपासतं, एवढं विचारून कळव. सोसायटीच्या सभेत मला ते मांडायचंय.

तुझी,
आई