१९६६ च्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीत न विचारता बदललेले मूळ भाग व अपूर्ण राहिलेले काम यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
मुंबई

विषय : फेंडर डिलक्स रिव्हर्ब गिटार अ‍ॅम्प्लिफायरची सदोष दुरुस्ती, मूळ भाग परत मिळणे व बिलाची रक्कम परत मिळणे याबाबत.

संदर्भ : आपले जॉब कार्ड व अंतिम बिल (प्रती सोबत जोडल्या आहेत).

महोदय,

माझा १९६६ सालचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा काचेच्या निर्वात नळ्यांवर (ट्यूबवर) चालणारा अ‍ॅम्प्लिफायर मी आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये देखभालीसाठी दिला होता. तो परत आल्यावर असे आढळले की, जी कामे मी लेखी सांगितली होती त्यांतली महत्त्वाची कामे झालेलीच नाहीत. उलट जी सांगितली नव्हती ती मला न विचारता करून त्यांचे पैसे बिलात लावलेले आहेत. काढलेले मूळ भागही मला मिळालेले नाहीत. फोनवर बोलून या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, म्हणून ही लेखी तक्रार करीत आहे.

हा अ‍ॅम्प मी कॅलिफोर्नियात नोकरीला असताना घेतला आणि पुण्यात परतताना सोबत आणला. तो फुलर्टन येथील कारखान्यात बनलेला आहे. कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या ट्यूबच्या तक्त्यावर ‘पीएफ’ असा शिक्का आहे. फेंडरच्या त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्याचा अर्थ जून १९६६ असा होतो. ट्यूब आणि स्पीकर यांना जुळवणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर ६०६-६१८ असा आकडा होता. ६०६ हा शूमाकर या उत्पादकाचा क्रमांक असून पुढचे अंक १९६६ सालचा अठरावा आठवडा दाखवतात. स्पीकरवरचा ४६५-६१९ हा आकडा ऑक्सफर्ड कंपनीचा आणि त्यानंतरच्या आठवड्याचा आहे. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि तक्ता एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, आणि साठ वर्षांच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये ही गोष्ट सहसा राहत नाही. अ‍ॅम्प आपल्याकडे देण्यापूर्वी मी चॅसी (सर्किट बसवलेली धातूची पेटी) उघडून आतले फोटो काढून ठेवले होते, त्यात हे सर्व आकडे स्पष्ट वाचता येतात.

मी जॉब कार्डावर मोजकीच कामे लिहून दिली होती. सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावेत, कारण त्यांच्या आतले रसायन काळानुसार सुकते आणि अ‍ॅम्प गुणगुणू लागतो. मूळ दोन पिनांच्या केबलऐवजी अर्थिंगसह तीन पिनांची केबल बसवावी. ग्राउंड स्विचवरचा, मेनची एक बाजू चॅसीला जोडणारा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून टाकावा. आणि शेवटी आउटपुट ट्यूबचे बायस (विश्रांतीतला करंट ठरवणारे उणे व्होल्टेज) मोजून योग्य ठेवावे. त्याखाली ‘इतर कोणताही भाग माझ्या संमतीशिवाय बदलू नये, काढलेले सर्व भाग परत द्यावेत’ असे वाक्य आहे. आपल्या काउंटरवरील कर्मचाऱ्याची त्याखाली सही आहे. देतेवेळी अ‍ॅम्प चालू होता. थोडा हम (गुणगुण) सोडल्यास त्याच्या आवाजाबद्दल माझी कोणतीही तक्रार नव्हती, आणि तो काउंटरवर वाजवूनच मी सोपवला होता.

आता प्रत्यक्षात काय झाले ते सांगतो. सर्वांत आधी सुरक्षिततेचा मुद्दा, कारण तो जिवाशी संबंधित आहे. केबल तीन पिनांची बसवली आहे, पण मल्टीमीटरने पाहिले असता प्लगच्या अर्थ पिनेपासून चॅसीपर्यंत जोडच मिळत नव्हता. चॅसी उघडल्यावर हिरवी वायर कापून, टेप गुंडाळून एका कोपऱ्यात दाबून ठेवलेली दिसली. ज्या कपॅसिटरबद्दल मी स्वतंत्रपणे लिहिले होते, तो ग्राउंड स्विचवर जसाच्या तसा आहे. तो शॉर्ट झाला तर चॅसीत थेट मेनचा करंट येऊ शकतो. चॅसीपासून गिटारच्या केबलच्या जाळीत, तिथून तारांत आणि तारांवरून वाजवणाऱ्याच्या हातात. गाणाऱ्या गिटारवादकाचे ओठ त्याच वेळी अर्थ झालेल्या मायक्रोफोनला लागलेले असतात. तीन पिनांचा प्लग पाहून ग्राहक निर्धास्त होतो, आणि आत मात्र वायर कापलेली असते. जुन्या दोन पिनांच्या केबलपेक्षा ही अवस्था जास्त धोकादायक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बिलात या कामाचे पैसे ‘सेफ्टी अर्थिंग’ म्हणून घेतलेले आहेत.

दुसरी बाब बायसची. वरच्या झाकणाखालचे फिल्टर कपॅसिटर नवे आहेत, ते काम व्यवस्थित झाले आहे आणि ते मान्य करण्यात मला अडचण नाही. परंतु आउटपुट ट्यूबच्या ग्रिडला (करंटवर ताबा ठेवणाऱ्या भागाला) उणे व्होल्टेज पुरवणाऱ्या बायस सर्किटमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर साठ वर्षांपूर्वीचाच आहे. तो चॅसीच्या आत वेगळ्या लहान बोर्डावर असल्याने घाईत नजरेतून सुटतो. मात्र तो निकामी झाला तर ग्रिडवरचे उणे व्होल्टेज ढासळते आणि ट्यूबमधून बेसुमार करंट वाहू लागतो. ‘सर्व इलेक्ट्रोलिटिक’ या शब्दांत तो येतोच, आणि बिलातही ‘सर्व’ असेच लिहिले आहे.

तिसरी बाब मला सर्वाधिक खटकलेली आहे. या अ‍ॅम्पमध्ये एसीचे डीसी करण्यासाठी जीझेड३४ ही रेक्टिफायर ट्यूब असते. माझ्या अ‍ॅम्पमधली ट्यूब इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनलेली, मलार्ड कंपनीची होती आणि उत्तम चालत होती. आपल्या तंत्रज्ञाने ती काढून त्या सॉकेटमध्ये डायोडचा प्लग बसवला आणि बिलात ‘अपग्रेड’ असे लिहिले. ज्याने हा अ‍ॅम्प वाजवला आहे तो याला अपग्रेड म्हणणार नाही. व्हॉल्यूम ५ च्या पुढे नेऊन तारेवर जोराने आघात केला की आउटपुट ट्यूब एकदम जास्त करंट मागतात, रेक्टिफायर ट्यूबमध्ये त्या क्षणी काही व्होल्ट गळतात, त्यामुळे स्वराचा पहिला ठोका किंचित दबतो आणि मागाहून स्वर फुलत वर येतो. हलक्या हाताने वाजवले तर हेच यंत्र स्वच्छ आणि घंटेसारखे वाजते. बोटांच्या दाबाला मिळणारा हा प्रतिसाद हेच २२ वॅटचा, एकाच बारा इंची स्पीकरचा हा लहान अ‍ॅम्प जपण्याचे माझे मुख्य कारण आहे. डायोडमध्ये ही गळती जवळजवळ होत नाही. स्वर ताठ येतो आणि तिथेच थांबतो.

प्रश्न केवळ आवाजाचा असता तरी तक्रार योग्यच ठरली असती, पण तो तेवढाच नाही. डायोडमुळे उच्च व्होल्टेज वाढते. मूळ आराखड्यात आउटपुटच्या ६व्ही६ ट्यूबच्या प्लेटवर (करंट जिथे पोचतो त्या धातूच्या भागावर) ४१५ व्होल्ट दाखवलेले आहेत, आणि तेच या ट्यूबच्या जुन्या माहितीपत्रकांतील मर्यादेपेक्षा जास्त आहेत. माझ्याकडे आयसोलेशन असलेल्या स्टेपडाऊनमधून (मेनपासून वेगळा ठेवून व्होल्टेज कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) ११५ व्होल्ट दिले जातात. त्यावर आता प्लेटवर ४४० व्होल्ट मिळतात आणि प्रत्येक ट्यूबमधून विश्रांतीच्या अवस्थेतच ३६ मिलिअँपिअर वाहतात. गुणाकार केला तर सुमारे १६ वॅट होतात. ६व्ही६जीटीची प्लेट १२ वॅटसाठी आणि नंतरच्या सुधारित प्रकाराची १४ वॅटसाठी ठरवलेली आहे. खोलीतला दिवा मालवून पाहिले तेव्हा दोन्ही ट्यूबच्या राखाडी प्लेटच्या मधोमध लालसर पट्टा उमटलेला दिसला आणि मी तत्काळ अ‍ॅम्प बंद केला. बिलावर ‘बायस सेट केले’ अशी नोंद आहे. कोणत्या व्होल्टेजला, किती करंटवर, याची मात्र कुठेच नोंद नाही. शिवाय हा पॉवर ट्रान्सफॉर्मर अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी घडवलेला आहे. आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा गाभा मुळातच जास्त तापतो, त्यामुळे भारतात असा अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्याने त्याच्यावर अनावश्यक भार टाकू नये ही किमान अपेक्षा आहे.

शेवटची बाब आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. ६०६-६१८ आकड्याचा मूळ ट्रान्सफॉर्मर आता अ‍ॅम्पमध्ये नाही. त्या जागी नवा आहे. फोनवर मला ‘नवा जास्त दमदार आहे’ असे सांगण्यात आले. त्याची तपासणी मी पुण्यातील एका जाणकार तंत्रज्ञाकडून करून घेतली. स्पीकरच्या बाजूला १ व्होल्ट एसी दिल्यावर प्लेटच्या बाजूला सुमारे २३ व्होल्ट मिळाले. २३ चा वर्ग ५२९, त्याला स्पीकरच्या ८ ओहमने गुणले की ट्यूबवर पडणारा भार साधारण ४,२०० ओहम येतो. हा आकडा ६एल६ या मोठ्या ट्यूबच्या जोडीला शोभणारा आहे. ६व्ही६च्या जोडीसाठी आरसीए या ट्यूब उत्पादकाच्या माहितीपत्रकात २८५ व्होल्टला ८,००० ओहम दिलेले आहेत. म्हणजे चालू स्थितीतला योग्य ट्रान्सफॉर्मर काढून अयोग्य बसवला गेला आहे. तसेच सिग्नलच्या मार्गावरचे मूळ निळे कपॅसिटरही बदललेले आहेत. ते इलेक्ट्रोलिटिक नसतात आणि त्यांतून डीसी गळत नसेल तर त्यांना हात लावण्याचे कारण नसते. अशी गळती मोजल्याची कोणतीही नोंद आपल्या कागदपत्रांत नाही.

मिरजेचा कारागीर जवारीला (घोडी घासून स्वर झंकारता करण्याला) दिलेला जुना तंबोरा हाती घेतो, तेव्हा जवारी करून देतो. भोपळा बदलून देत नाही. जुन्या वाद्याच्या दुरुस्तीत जे झिजले आहे तेवढेच बदलायचे आणि बाकीचे विचारल्याशिवाय हलवायचे नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते, आणि ट्यूब अ‍ॅम्प हेही गिटारइतकेच वाद्य आहे. मी नव्या भागांच्या विरोधात नाही. कपॅसिटर आणि केबल बदलण्याची मागणी मीच केली होती. माझा आक्षेप हा आहे की निर्णय माझा असताना तो आपल्या तंत्रज्ञाने घेतला, आणि तोही मोजमाप न करता.

जुने भाग ‘भंगारात गेले असतील’ हे आपल्या कर्मचाऱ्याचे उत्तर मला मान्य नाही. ते भाग माझ्या मालकीचे आहेत आणि परत देण्याची लेखी अट आपण स्वीकारलेली आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मलार्ड जीझेड३४ आणि निळे कपॅसिटर आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये शोधून, फोटोतील आकड्यांशी ताडून मला परत करावेत. ते खरोखरच सापडत नसतील तर कोणी, केव्हा व कुठे दिले याचे लेखी उत्तर द्यावे, आणि त्याच सालच्या व त्याच प्रकारच्या भागांची आजची बाजारातील किंमत भरून द्यावी. अर्थिंग, बायस व ‘अपग्रेड’ या नावाखाली घेतलेली रक्कम पूर्णपणे परत करावी. अ‍ॅम्प मी पुन्हा आपल्याकडे पाठवणार नाही. तो पूर्ववत करण्याचे काम पुण्यातील तंत्रज्ञ करतील आणि त्यांचे बिल आपण द्यावे, अशी माझी मागणी आहे. फिल्टर कपॅसिटरच्या कामाचे पैसे मी परत मागत नाही, कारण ते काम झाले आहे.

एक विनंती माझ्या नुकसानीपलीकडची आहे. हिरवी वायर कापून टाकण्याची पद्धत आपल्या एखाद्या तंत्रज्ञाच्या सवयीची असेल, तर गेल्या काही काळात आपल्याकडून दुरुस्त होऊन गेलेल्या इतर अ‍ॅम्पमध्येही ती असण्याची शक्यता आहे. त्या ग्राहकांना कळवून अर्थिंग तपासून द्यावे. हे काम माझ्या रकमेच्या आधी करावे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. या कायद्यानुसार मला राहत्या ठिकाणी, म्हणजे पुण्यातच, तक्रार दाखल करता येते. तोपर्यंत डायोडचा प्लग व नवा ट्रान्सफॉर्मर अ‍ॅम्पमधून काढून पुरावा म्हणून जपून ठेवत आहे. हिशेब पूर्ण झाल्यावर ते आपल्याला परत मिळतील.

कळावे.

आपला ग्राहक
(नाव, पत्ता व दूरध्वनी जॉब कार्डाप्रमाणे)
पुणे

सोबत : जॉब कार्ड व बिलाच्या प्रती, दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे चॅसीचे फोटो, पुण्यातील तंत्रज्ञांचा सहीसह मोजमाप अहवाल.